चौऱ्याण्णव सालची स्पिती

मेहेंदळे मॅडमना गाडी चालवताना मी कधी पाहिलेलंच नाही, हे माझ्या लक्षात आलं ते खडकीत, धम्मदीपच्या गॅरेजसमोर. नव्याने घेतलेल्या जुन्या जिप्सीचं दार उघडून मॅडम ऐटीत आत बसल्या, पट्टा लावला, आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "हं. क्लच दाब. पहिला टाक."

त्या डावीकडच्या सीटवर बसल्या होत्या. उजवीकडची सीट रिकामी होती.

धम्मदीप लष्कराच्या लिलावातल्या गाड्या घेतो, नीट करतो आणि हौशी लोकांना विकतो. त्यामुळे त्याने वेड्यांचे बरेच प्रकार पाहिलेत. हात पुसत तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, चालवणार कोण आहे? तेवढं कळलं तर पुढचं सांगतो."

मॅडम उतरल्या, बॉनेटला वळसा घालून उजवीकडे आल्या. "सवय," एवढंच म्हणाल्या, आणि तेही अशा स्वरात, की चूक गाडी बनवणाऱ्याची असावी.

आनंदी मेहेंदळे, वय एकसष्ट, उंची जेमतेम पाच फूट. स्वारगेटजवळ त्यांची 'आनंदी मोटार ट्रेनिंग स्कूल' आहे. आज पुण्यात ज्या बायका गाडीची काच खाली करून रिक्षावाल्यांना शुद्ध मराठीत सुनावतात, त्यातल्या निदान दोन हजार मॅडमच्या हाताखालून गेल्या आहेत. त्यातलीच मी एक, अवनी. बँकेत नोकरी, आणि तिसऱ्या खेपेला मिळालेलं लायसन्स. शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. तीस वर्षं मॅडम त्या सीटवर बसल्या. स्वतः कुठे जायचं तर बसने जायच्या. ही गोष्ट विचित्र आहे हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना चौऱ्याण्णव साल पाठ होतं.

चौऱ्याण्णव साल असं. शिकणारी मुलगी भर चौकात गाडी बंद पाडायची. मागे बस बोंबलायची, डावीकडून स्कूटरवाले वाक्ताडन करत जायचे, मुलगी रडकुंडीला यायची. मग मॅडम खिडकीबाहेर बघत, अगदी निवांत सुरू करायच्या. "चौऱ्याण्णव साली मी एकटी जीप घेऊन पुण्याहून स्पितीला गेले होते. कुंझुम खिंडीच्या अलीकडे एका नाल्यात गाडी बंद पडली. पाणी चाकांच्या वर, सोबत चिटपाखरू नाही. तेव्हा मी काय केलं? क्लच दाबला, पहिला टाकला आणि हळूच सोडला. आणि तू कुठे आहेस? स्वारगेटला! चल." मुलगी डोळे पुसायची आणि गाडी निघायची. माझीही अशीच निघाली होती.

तर ही सगळी गोष्ट खोटी होती. मला ते हरयाणात, हिसारला कळलं, पण तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू? मॅडम चौऱ्याण्णव साली फार तर खेड शिवापूरपर्यंत गेल्या असतील, तेही बसने.

आता मॅडमनी दिवाळीला शाळा बंद करायचं ठरवलं होतं. गुडघे बोलायला लागले होते. आम्ही जुन्या विद्यार्थिनींनी दसऱ्यानंतर मोठा सत्कार योजला आणि उत्साहाच्या भरात बॅनरही छापून आणला: 'एकटीने हिमालय जिंकणाऱ्या आमच्या मॅडम'. तो बॅनर मी स्वतः त्यांना दाखवायला घेऊन गेले. मॅडमनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "सत्काराच्या आधी मला एकदा स्पितीला जाऊन यायचंय. गाडीने. खिंड एकटीने चढायची." मला वाटलं, जुन्या आठवणी. मी टाळ्या वाजवल्या. मूर्ख कुठली!

चालवायला आणखी कुणीतरी हवं म्हणून मी वीस दिवसांची रजा काढली. नवऱ्याला विचारलं तर तो "जा की" म्हणाला, जरा जास्तच पटकन. तिसरे प्रवासी बाळकाका, म्हणजे मॅडमचे यजमान. पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. जगात कुठेही काहीही गळू शकतं, फुटू शकतं, यावर त्यांची चाळीस वर्षांची श्रद्धा होती. जिप्सी पाहून ते म्हणाले, "चांगली आहे. हिच्यात एकच दोष दिसतो, ही चालते."

लष्करी हिरवा रंग आपल्याला वापरता येत नाही, म्हणून धम्मदीपने रंग विचारला. मॅडमनी पिवळा सांगितला, साखरभातासारखा. शिवाय डावीकडे दुसरा ब्रेक बसवून घेतला.

"लांबच्या प्रवासाला तो कशाला?" धम्मदीपने विचारलं.

"दोन ब्रेकांशिवाय मला गाडीत बसल्यासारखं वाटत नाही."

गणपती विसर्जन झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नाशिक फाटा येईपर्यंत दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली म्हणजे, मॅडमना ॲक्सिलरेटरची ओळखच राहिली नव्हती. डावीकडे तो नसतोच. वेग हा तीस वर्षं विद्यार्थ्यांचा विषय होता. मॅडमचा विषय थांबवणं. चाळीसच्या वर काटा गेला की त्या स्वतःलाच "हळू, हळू" म्हणायच्या आणि ऐकायच्याही. दुसरी गोष्ट अशी, की रस्ता त्यांनी कायम डाव्या खिडकीतून मोजलेला. आता उजवीकडे बसूनही मनाने त्या तिथेच होत्या, त्यामुळे आमची डावी चाकं नारायणगावपर्यंत रस्त्याखालच्या मुरुमावरून गेली. त्या बाजूला बसलेल्या काकांना झाडं फार जवळून बघायला मिळाली.

आणि काकांच्या पायाशी ब्रेक होता.

मॅडम जोर करून पन्नासवर आणायच्या, काका बाभूळ पाहून ब्रेक दाबायचे, मी मागून दोन सीटच्या मध्ये येऊन आदळायचे. घारगावच्या पुढे मॅडमनी गाडी कडेला घेतली. म्हणजे ती कडेलाच होती, फक्त थांबवली.

"अहो, तो ब्रेक माझ्यासाठी आहे."

"तू तिकडे बसलीयस. इकडे मी आहे. ब्रेकसमोर जो बसतो त्याने तो दाबायचा, असं तूच शिकवतेस ना?"

"गरज असेल तर."

"मला पुण्यापासून गरज आहे."

शेवटी खडकीला फोन गेला. धम्मदीपने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकांना मांडी घालून बसवा." आणि खरंच, बाळ मेहेंदळे पुढचे अडीच दिवस जिप्सीच्या सीटवर मांडी घालून, पट्टा लावून, हात जोडल्यासारखे गुडघ्यांवर ठेवून बसले. धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावरच्या बाईने आधी त्यांनाच वाकून नमस्कार केला. काकांनी तिला आशीर्वाद दिला आणि चहात आलं जास्त घालायला सांगितलं.

इंदूर सोडलं आणि कुठेतरी मॅडमचा पाय उघडला. कसा, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मोकळा रस्ता होता, दोन्हीकडे सोयाबीन, आणि मी सहज पुढे वाकून काट्याकडे पाहिलं तर सत्तर! मॅडम रस्त्याच्या बरोबर मध्यभागी, म्हणजे त्यांच्या लेनच्या मध्यभागी होत्या आणि हसत होत्या. आधी हळू, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, ही जाते!" त्या ओरडल्या. "अवनी, ही खरंच जाते!" जिप्सीचं कापडी छत फडफडत होतं, इंजिन गळा काढून गात होतं, कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं म्हणून तिघंही ओरडत होतो. काकांनी मांडी न सोडता नाट्यगीत लावलं. मी इतकी खूश होते की बँकेतल्या साहेबांनाही माफ करून टाकलं.

मॅडमच्या अंगात भलतंच वारं शिरलं. राजस्थानात एका ट्रॅक्टरवाल्याने हात न दाखवता वळण घेतलं, तर त्याला गाठून त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि हाताच्या पाच खुणा शिकवल्या. हिंदी त्यांची, खुणा आंतरराष्ट्रीय. त्याने पाचही करून दाखवल्यावर "उत्तीर्ण" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. दिल्लीकडे जुन्या गाड्यांना सळो की पळो करतात असं ऐकून होतो, म्हणून आम्ही लांबचा वळसा घेतला होता. त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. वळसा म्हणजे आणखी चालवणं!

आणि मग हिसार. पितळी पेल्यातून लस्सी आली होती. मी लस्सीच्या मिशा पुसत सहज विचारलं, "मॅडम, चौऱ्याण्णव साली याच रस्त्याने गेला होतात का?"

काकांनी लस्सीत डोकं घातलं. मॅडमनी पेला खाली ठेवला.

"अवनी, मी गेलेच नव्हते."

मला आधी वाटलं, गंमत करतायत. मग त्यांनी सगळं सांगितलं. शाळा सुरू झाली त्या पहिल्याच वर्षी धायरीच्या तुळजाबाई शिकायला आल्या होत्या. मळ्यातली भाजी स्वतःच्या टेंपोतून मार्केट यार्डला न्यायची, दिराच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढ्या हट्टाने. तिसऱ्या दिवशी स्वारगेटला गाडी बंद पडली आणि बाई हंबरडा फोडून रडायला लागल्या. "माझ्याच्यानं हुनार न्हाय बाई, मला उतरवा." मॅडम घाबरल्या. आदल्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असताना एका मासिकात स्पितीवरचा लेख वाचला होता. तो तोंडातून निघाला आणि त्यात 'मी' आला. तुळजाबाईंनी डोळे पुसले, "एकल्या गेलतात?" म्हणाल्या आणि टेंपोच काय, पुढे ट्रक चालवला.

"मग थांबताच येईना," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक वेळी लागू पडायची. आता तुम्ही ते बॅनरवर छापलंय. त्याच्याखाली उभं राहून नारळ कसा घेऊ? त्याआधी खरं करून टाकायचंय."

मी भयंकर चिडले. चौऱ्याण्णव सालावर मी माझं बाळंतपण काढलं होतं! बँकेची बढतीची परीक्षा दिली होती! माझ्या लेकीला सायकल शिकवताना तीच गोष्ट सांगितली होती, वर पाण्याची उंची वाढवून. "आणि काका, तुम्ही?" मी त्यांच्यावर घसरले. "मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'हो, तेव्हा मी पंधरा दिवस खिचडी खाल्ली.'"

"ती खाल्ली होती," काका म्हणाले. "आनंदी माहेरी गेली होती तेव्हा."

चंदीगडपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसले आणि प्रत्येक झाडाचा राग केला. मॅडमनीही मनधरणी केली नाही. पण मंडीच्या घाटात ट्रकच्या मागे, चढावर, त्यांनी जिप्सी अशी हाफ क्लचवर धरली, की ती पाणी भरलेल्या घागरीसारखी जागच्या जागी थांबली, एक बोटभरही मागे गेली नाही. माझ्या तोंडातून "वा!" निघून गेलं. त्यानंतर रुसून बसणं अवघड झालं.

मनालीचा बोगदा ओलांडून उजवीकडे वळलं की डांबर संपतं. पुढे नुसते गोटे, माती आणि वरून रस्त्यावर उतरणारं बर्फाचं पाणी. जिप्सीला फोर-व्हील टाकल्यावर ती त्या गोट्यांवरून जुन्या मालकाकडे निघाल्यासारखी टुणटुण चालली. आमची मात्र हाडं खुळखुळत होती. छत्रूला दोन-चार ढाबे आहेत, तिथे मुक्काम केला. खिंड तिथून पंचेचाळीस किलोमीटर. बेत असा की सकाळी पाणी कमी असतं तेव्हा मॅडमनी एकटीने निघायचं, खिंडीतल्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालायची (तशी तिथली पद्धत आहे, मासिकात होतं) आणि उन्हाने नाले चढायच्या आत जमेल तेवढं मागे यायचं. नाहीतर पलीकडे मुक्काम.

सकाळी पावणेसहाला मॅडम निघाल्या. स्वेटर, त्यावर काकांचं जाकीट, कानटोपी. सीटवर उशी. काकांनी टायर बघितले, पाणी बघितलं, ऑइल बघितलं, पुन्हा टायर बघितले. मग खिडकीशी जाऊन म्हणाले, "आनंदी, नाही झालं तरी चालेल."

"अहो, तीस वर्षं झालंय म्हणून सांगतोय आपण," मॅडम म्हणाल्या. "आज झालंच पाहिजे."

आणि पिवळी जिप्सी गोट्यांतून वर गेली. वळणावर मॅडमनी हात बाहेर काढून रीतसर खूण केली. त्या रस्त्यावर बघायला एक मेंढी होती.

मोबाइलला रेंज नाही, करायला काही नाही. काकांनी ढाब्याचा गळका नळ दुरुस्त केला. मग शेजारच्या ढाब्याचा केला. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मी गाडीत मांडी घालायला नको होती. ब्रेक दाबत राहिलो असतो, तर ती इथवर आलीच नसती." मला त्यांची फार माया आली. त्या क्षणी मला कळलं की माझा राग उतरलाय आणि मलाही तेच हवंय: त्या बाईने खिंड गाठावी, एकटीने, आणि चौऱ्याण्णव साल एकदाचं खरं व्हावं. मी मनातल्या मनात नवस बोलले. नेमका कुणाला, ते घाईत ठरवलं नाही.

साडेअकराला वळणावर पिवळं दिसलं. फार लवकर होतं. खिंड करून इतक्यात येणं शक्य नव्हतं. जिप्सीच्या मागे एक पांढरी गाडी होती, नाशिकच्या नंबरची, चिखलाने माखलेली.

मॅडम उतरल्या. कमरेपर्यंत भिजल्या होत्या, दात वाजत होते आणि चेहरा नुसता फुलला होता. "अहो, कोरडे मोजे!" एवढं ओरडून त्या ढाब्यामागे चुलीशी पळाल्या. काका मोजे घेऊन धावले आणि तिथेच ठेवून लगेच परत आले, काय झालं ते ऐकायला.

पांढऱ्या गाडीतून पंचविशीची एक मुलगी उतरली. तिचं नाव ऋतिका. मागच्या सीटवर तिचा नवरा ऋषी पांढराफटक होऊन आडवा पडला होता. वरच्या विरळ हवेने त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या, म्हणून गाडी हिच्या हातात आलेली. लायसन्स होतं, पण नाशिकमध्ये सुद्धा ती फारशी चालवत नसे. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून ती सांगायला लागली.

वरच्या मोठ्या नाल्याशी येऊन ती थांबली होती. पाणी बघून इंजिनच बंद केलं. तासभर नुसती रडत बसली. तेवढ्यात पलीकडच्या काठावर पिवळी गाडी आली. त्यातून एक आजी उतरल्या, नंबरप्लेट वाचून "नाशिकची का गं?" असं ओरडल्या, आणि सरळ पाण्यातून चालत अलीकडे आल्या. दार उघडून शेजारी बसल्या. पायांतून पाणी निथळत होतं.

"मी त्यांना विचारलं," ऋतिका म्हणाली, "काकू, तुम्ही असलं पाणी आधी कधी पार केलंय का?"

काकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. काका खांदे सरळ करून बसले. त्यांचा खिचडीचा चेहरा तयार होत होता.

"त्या म्हणाल्या, नाही. कधीच नाही. मी इथे पहिल्यांदाच आलेय. आत्ता चालत आले तेवढंच मला ठाऊक आहे. पाणी गुडघ्याच्या वर आहे, मध्ये एक खड्डा आहे, तो डावीकडे टाकू. क्लच दाब, पहिला टाक."

"नाही म्हणाली?" काकांनी विचारलं. "नक्की?"

"हो. मग आम्ही आलो. मध्ये एकदा बंद पडली, पण आलो. पुढचे दोन नाले त्या जिप्सी घेऊन पुढे, मी मागे. चाक त्यांच्या चाकावर ठेवत आले."

मी ढाब्यामागे गेले. मॅडम चुलीपुढे पाय करून बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "मॅडम, खिंड राहिली."

"राहिली. पाणी चढायला लागलं होतं, आणि तिला पुढचे दोन नाले एकटीला कसे जमणार? उद्या जाऊ तिघंही. काकांनाही ते देऊळ बघायचंय."

"म्हणजे एकटीने नाही."

"एकटीने नाही. सत्काराला सांगून टाकीन काय ते. हसतील, हसू देत." त्यांनी पायाची बोटं शेकत माझ्याकडे पाहिलं. "अगं, तिने विचारलं ना, तेव्हा चौऱ्याण्णव साल अगदी ओठांवर आलं होतं. पण नाल्यातून चालत आल्यावर नाल्याविषयी खोटं बोलवेना. नाही म्हणाले आणि वाटलं, संपलं, आता ही काही गाडी हलवायची नाही. तर तिने नाक पुसलं आणि पहिला टाकला! तशीच! गोष्टीशिवाय!"

त्या हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी पुसतही नव्हत्या.

"मग आम्ही सगळ्या," मी विचारलं, "आम्ही कशाच्या जोरावर चालवली?"

मॅडमनी मी अजून दुसऱ्याच खेपेला नापास होतेय अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"अगं वेडे, मी शेजारी बसलेली असायचे ना!"

मग त्यांनी कोरडे मोजे चढवले आणि मनालीपर्यंतचा रस्ता ऋतिकाला समजावून सांगायला त्या आत गेल्या.